रुग्णाच्या घरी रक्तसंक्रमण : शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना :
रक्तसंक्रमण ही सामान्यतः रुग्णालयात केली जाणारी उपचारपद्धती होय. तथापि काही रुग्णांच्या दृष्टीने रुग्णालयापर्यंतचा प्रवास हाच मोठा अडसर ठरतो. अस्थिमज्जेच्या विकारामुळे ज्यांच्या शरीरात तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत अशा वृद्धांना काही आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा रक्त द्यावे लागते. एका पिशवीने प्रौढ व्यक्तीचे हिमोग्लोबिन साधारणतः १ ग्रॅमने वाढते; त्यासाठी संपूर्ण दिवस खर्ची पडतो. मिळालेली शक्ती जाण्या-येण्यातच संपावी, हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल. अमेरिकेत १९८० च्या दशकातच घरी रक्त देण्यास प्रारंभ झाला होता. प्रस्तुत लेखात या पद्धतीतील नेमक्या अडचणीचे विवेचन केले आहे.

रक्ताची वाहतूक :
तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. घरगुती फ्रिज येथे उपयोगाचा नाही. रक्त गोठल्यास पेशी फुटतात. पिशवी शीतपेटीतून आणावी लागते आणि बाहेर काढल्यानंतर ४ तासांच्या आत संपवावी लागते, अन्यथा जिवाणूंची वाढ होण्याचा धोका संभवतो. हा भाग तुलनेने सोपा आहे. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘जीवन अमृत सेवा’ योजनेत १०४ क्रमांकावर मागणी नोंदविल्यावर शीतपेटीतून रक्त पोहोचविले जात असे. मात्र ते रुग्णालयापर्यंतच, आणि ते योग्यही होते.

खाटेजवळील पंधरा मिनिटे :
खरी अडचण पिशवी घरात पोहोचल्यानंतर सुरू होते. विजोड रक्तगटाचे थोडेसे रक्तही प्राणघातक ठरू शकते. थंडी वाजणे, ताप, कंबरदुखी, धाप ही गंभीर प्रतिक्रियेची लक्षणे बहुधा आरंभीच्या १५ मिनिटांत प्रकट होतात. रुग्णालयात अशा वेळी हाक मारताच डॉक्टर येतात. घरी परिचारिका एकटी असते. तिच्यापाशी तातडीची औषधे आणि दूरध्वनी, एवढेच साहाय्य.

ओळख पटविण्याचा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. रुग्ण स्वतःच्याच घरी असल्याने मनगटावरील पट्टी पाहणे हा निव्वळ उपचार वाटतो. परंतु चूक अनेकदा त्याआधी, रक्ताचा नमुना घेतानाच झालेली असते. एका फेरीत तीन घरांतून नमुने घेऊन नावाच्या चिठ्ठ्या नंतर गाडीत बसून चिकटविल्या, तर पुढील सर्व तपासण्या बिनचूक होऊनही रक्त चुकीचेच मिळते. म्हणून चिठ्ठी रुग्णासमोरच लिहिली गेली पाहिजे.

रुग्णांची निवड :
ज्यांना पूर्वी रुग्णालयात रक्त दिले असता प्रतिक्रिया आली नाही, अशांचाच या सेवेसाठी विचार केला जातो. वृद्धांच्या हृदयावर वाढलेल्या द्रवाचा ताण पडून परिचारिका निघून गेल्यावरही, कित्येक तासांनी, धाप लागू शकते. यास्तव त्या रात्री घरात जाणती प्रौढ व्यक्ती असणे आवश्यक मानतात. परिणामी जो वृद्ध एकटा राहतो, ज्याला रुग्णालयात नेणारे कोणी नाही, त्यालाच ही सेवा नाकारावी लागते.