पवनचक्कीवरील संरचनात्मक भार आणि लवचिक रचना

पवनचक्कीचे पाते वाऱ्याने फिरते हे सर्वज्ञात आहे. परंतु तोच वारा पात्याला मागे वाकवीतही असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. पात्याच्या टोकाकडील भागावर पडणारा रेटा त्याच्या मुळाशी मोठे वाकवणारे परिबल निर्माण करतो. जमिनीलगत वारा मंद आणि उंचावर वेगवान असल्याने हे परिबल प्रत्येक फेऱ्यात कमी-अधिक होते. मिनिटाला १५ फेरे घेणारे चक्र २० वर्षे अखंड फिरले, तर फेऱ्यांची संख्या सुमारे १५ कोटी ७७ लाख होते. एका झटक्याने न तुटणारा पदार्थ अशा आवर्तनांनी थकून तुटू शकतो. शिवाय तीच रचना कायम ठेवून पात्याची लांबी वाढविल्यास मिळणारी ऊर्जा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, तर वजन घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे केवळ जाड व ताठ पाते करणे हा उपाय फार दूर जात नाही.

भाराला सर्वस्वी विरोध न करता काही अंशी त्याला वाट करून देणे, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९४१ साली पामर पुटनम यांच्या पुढाकाराने उभारलेल्या १.२५ मेगावॅटच्या पवनचक्कीची दोन्ही पाती मुळाशी बिजागरीने जोडलेली होती. वाऱ्याने पाते मागे कलले की केंद्रोत्सारी प्रेरणा त्याला पुन्हा फिरण्याच्या प्रतलाकडे ओढते. दोन्ही प्रेरणांचा समतोल साधला की मुळाशी वाकवणारे परिबल फारच थोडे उरते. मार्च १९४५ मध्ये या यंत्राचे एक पाते तुटून पडले. मात्र ते तुटले मुळाजवळच्या, आधीच ज्ञात असलेल्या कमकुवत जागी. युद्धकाळातील टंचाईमुळे तिची योग्य मजबुती झाली नव्हती. या अपघाताचा दोष बिजागरीच्या तत्त्वाला देणे न्याय्य ठरणार नाही.

जर्मनीत उलरिख ह्यूटर यांनी १९५७ च्या सुमारास १०० किलोवॅटच्या यंत्रात काचतंतूंची हलकी पाती वापरली आणि हब डोलता ठेवला. बागेतील सी-सॉप्रमाणे एका पात्यावर जादा रेटा आला की संपूर्ण जोडी किंचित कलते व असमतोल परिबल शाफ्टपर्यंत पोचतच नाही. तीन पात्यांना हा उपाय इतक्या सहजपणे लागू पडत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

तरीही बाजारपेठ जिंकली ती ताठ हबच्या, तीन पात्यांच्या डॅनिश परंपरेने. योहानेस यूल यांची गेडसर येथील २०० किलोवॅटची पवनचक्की १९५७ ते १९६७ या काळात चालली. उलट, डोलत्या हबची ३ मेगावॅटची ग्रोव्हियान १९८३ मध्ये उभी राहिली आणि १९८८ मध्ये मोडीतही निघाली. मनोऱ्याच्या मागे फिरणाऱ्या पात्यांना आणखी एक अडचण होती. मनोऱ्याच्या आडोशातून जाताना पात्यावरील रेटा क्षणभर घटतो व प्रत्येक वेळी धक्का बसतो. उत्तर कॅरोलायनातील बून येथे १९७९ मध्ये सुरू झालेल्या मॉड-१ या यंत्राच्या धपधप आवाजाबद्दल रहिवाशांनी तक्रारी केल्या होत्या. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर दिसणारी तीन पात्यांची यंत्रे ही त्या डॅनिश वारशातलीच होत.

मात्र बिजागरी गेली तरी लवचिकता गेली नाही. ती पात्याच्या पदार्थात शिरली. संमिश्र पदार्थाचे तंतू लांबीशी तिरपे बसविले, किंवा पात्याचे टोक मागे वळते ठेवले, तर झोत येताच पाते वाकता वाकता पीळही घेते. या पिळामुळे त्याचा वाऱ्याशी असलेला कोन घटतो आणि भार आपोआप उतरतो. यास मोटर लागत नाही, नियंत्रकाच्या आदेशाची वाटही पाहावी लागत नाही. मनोऱ्याच्या बाबतीतही त्याची नैसर्गिक कंप्रता पाती समोरून जाण्याच्या कंप्रतेखाली ठेवून पोलाद वाचविता येते. पण चक्राचा वेग वाढताना अनुनाद टाळावा लागतो.

लवचिकता हवी ती ठरावीक दिशेने. पीळ उलट दिशेने बसला तर भार वाढतो, आणि पीळ व वाक एकमेकांस पोसू लागले तर फ्लटर नावाचे विनाशक कंपन सुरू होते. मनोऱ्यासमोर फिरणारे पाते फार वाकल्यास मनोऱ्यावर आदळू शकते, म्हणून ते मुळातच पुढे वाकवून घडवितात. हीच मर्यादा ओलांडण्यासाठी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुढाकाराने, वादळात माडाची झावळी वाऱ्याबरोबर मिटते तशी मनोऱ्यामागे मिटणारी पाती अभ्यासली गेली आहेत. मॉड-१ च्या वेळी त्रासदायक ठरलेला मनोऱ्याचा आडोसा या रचनेतही आहेच.