स्कोनचा साहित्यविचार

क्युपर्टिनोचे नाव आज संगणकाच्या व्यवसायामुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी १९५५ साली या वस्तीला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला त्या सुमारास सांता क्लारा खोऱ्याच्या या भागावर जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या बागांचाच अंमल होता. आणि पुढे बागा जाऊन कचेऱ्या व घरे उभी राहिली, तरी २०१७ साली खुल्या झालेल्या ॲपल कंपनीच्या वर्तुळाकार मुख्यालयाच्या आवारात फळझाडे मुद्दाम लावण्यात आली, यावरून त्या जुन्या वैभवाची स्मृती अगदीच लोपली नाही असे म्हणता येते. अशा गावी ज्या मराठी घरांत चकलीचा सोऱ्या आणि ओव्हन एकाच स्वयंपाकघरात नांदतात, तेथे सुटीच्या सकाळी चहाबरोबर घरी भाजलेल्या स्कोनचा बेत ठरला, तर अडचण जिन्नस न मिळण्याची नसते, सर्वच जिन्नस मुबलक मिळण्याची असते. आणि म्हणूनच काय घालावे याबरोबर काय घालू नये, याचाही विचार अगत्याचा ठरतो.

स्कोन मूळचा स्कॉटलंडचा. पूर्वी ओट किंवा बार्लीच्या पिठाचा करून तो तव्यावर भाजत. १८४३ साली आल्फ्रेड बर्ड या इंग्रज गृहस्थाने बेकिंग पावडर सिद्ध केल्यानंतर, यीस्टवाचून फुगणारा आजचा हलका स्कोन घरोघरी सुलभ झाला. इंग्लंडात तो साधा, कमी गोड असतो व मधोमध उकलून त्यावर जॅम आणि घट्ट साय घालतात. अमेरिकेत तो बहुधा त्रिकोणी, अधिक बटरचा, आणि फळे, सुका मेवा यांसारखे सारे काही पोटात घेऊन येणारा असतो. स्वाद आत घालायचा की वर द्यायचा, हा निर्णय प्रथम करावा; दोन्हीकडे सढळ हात सोडला, तर मूळ पदार्थाची चव दबून जाते.

पिठाचा पाया असा: अडीचशे ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा मीठ, पन्नास ते साठ ग्रॅम साखर, शंभर ग्रॅमच्या आसपास थंडगार बिनमिठाचे बटर आणि पीठ जेमतेम गोळा होईल इतकी क्रीम. अंड्याची गरज नाही, ही शाकाहारी घरांची मोठीच सोय. मैदा येथील ‘ऑल पर्पज’ घ्यावा, पावाचा घेऊ नये, कारण त्यातील अधिक प्रथिनांमुळे स्कोन चिवट होतो. कणीक घालावयाची तर तिसऱ्या हिश्शाची हद्द ओलांडू नये. शंकरपाळ्यांच्या पिठात कडकडीत मोहन घालण्याचा आपला शिरस्ता, पण स्कोनचा दस्तूर नेमका उलटा आहे: बटरचे थंड तुकडे पिठात वाटाण्याएवढे राहिले, तरच ओव्हनमध्ये ते वितळताना त्यांतील पाण्याची वाफ होऊन पापुद्रे उकलतात. क्रीमऐवजी अमेरिकन बटरमिल्क वापरण्यास हरकत नाही, मात्र ते आपल्या ताकापेक्षा पुष्कळ दाट असते हे ध्यानात ठेवावे. त्याच्या आंबटपणासाठी पाव लहान चमचा खायचा सोडा पुरतो, आणि त्याहून अधिक पडल्यास ब्लूबेरीचा जांभळा रंग हिरवट होतो.

फळांची निवड करताना त्यांच्या अंगच्या पाण्याचा हिशेब करावा. वाळवलेला जर्दाळू, मनुका, अंजीर, क्रॅनबेरी ही पीठ न बिघडवणारी मंडळी. ताजी स्ट्रॉबेरी मात्र पाणी सोडते, आणि ब्लूबेरी गोठवलेली असेल, तर ती तशीच, न वितळवता शेवटी मिसळावी. इतक्या मैद्याला शंभर-सव्वाशे ग्रॅमहून अधिक फळ पेलत नाही. या खोऱ्याची खूण हवी असेल, तर येथे एके काळी विपुल पिकणाऱ्या ब्लेनहाइम जातीचा वाळलेला जर्दाळू शोधावा, आणि त्यासोबत परसातले मेयर लिंबू घ्यावे. फ्रँक मेयर या वनस्पतिसंशोधकाने १९०८ साली चीनमधून अमेरिकेत आणलेले हे लिंबू कमी आंबट, पातळ सालीचे व विलक्षण सुगंधी असून त्याची किसलेली साल साखरेत चोळल्यास तिच्यातील तेल साखरेत उतरते. जर्दाळूशी वेलचीचे उत्तम जमते. केशर घालायचे तर ते थोड्या कोमट क्रीममध्ये खलून, ती पुन्हा थंड करूनच पिठात घालावी. डब्यातला हापूसचा रस पिठात घालण्याचा मोह आवरावा; त्याच्या ओलाव्याने स्कोन गिच्च होतो, पण तोच रस पिठीसाखरेत कालवून वरून सोडल्यास शोभतो.

तिखटमिठाच्या स्कोनात साखर चमचाभर ठेवून किसलेले चेडर चीज, ओवा आणि धुऊन पूर्ण कोरडी केलेली मेथी घालावी. चीजमध्ये मीठ असतेच, म्हणून वरचे मीठ आखडते घ्यावे.

वरच्या सजावटीत दोन प्रकार आहेत. भाजण्यापूर्वी क्रीमचा हात फिरवून जाड साखर भुरभुरली, की कुरकुरीत, सोनेरी साल मिळते; पिठीसाखर व लिंबाच्या रसाचा पाक मात्र स्कोन पूर्ण निवल्यावरच घालावा, एरवी तो विरघळून वाहून जातो. जॅम आधी की साय आधी, हा डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांतील वाद आपल्याला सोडवायचा नाही. घट्ट सायीच्या जागी बिनसाखरेचा चक्का आणि त्यावर थोडा गुलकंद, ही तजवीज मराठी जिभेला निश्चित मानवेल.

चारशे ते सव्वाचारशे अंश फॅरनहाइटवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजलेला स्कोन त्याच दिवशी खावा. पहिला घाणा साधाच करून पीठ हाताखाली येऊ द्यावे. त्यानंतर एका घाण्यास एक फळ, एक सुगंध आणि एक सजावट, एवढीच मुभा स्वतःला द्यावी.