रुतलेली जहाजे पुन्हा तरंगतात कशी?

भोर तालुक्यातील भाटघर जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले, की काठाला बांधून ठेवलेली होडी हळूहळू चिखलावर टेकते. मग चौघांनी जोर लावला तरी ती जागची हलत नाही. पावसाळ्यात पाणी चढले, की तीच होडी लहान मुलाच्या हातानेही सरकते. तिचे वजन तर तेवढेच असते! वरवे बुद्रुकसारख्या समुद्रापासून दूरच्या गावातील मुलांनाही उमगेल अशी ही गोष्ट आहे, आणि हजारो टनांचे जहाज वाळूतून सोडवणारे लोकही तिचाच आधार घेतात.

जहाज जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भार पाणी पेलून धरते. जहाज उथळ जागी चढले म्हणजे ते कमी पाणी सारते, आणि पाण्याला न पेललेला भार वाळूवर पडतो. तो पुन्हा पाण्याच्या अंगावर घालणे, हेच खरे काम. ओढणे त्यानंतरचे.

येथे भरती उपयोगी पडते. आपल्या किनाऱ्यावर ती रोज दोनदा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती सर्वांत मोठी असते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची भरती लहान, ती भांगाची. ओहोटीच्या वेळी रुतलेले जहाज भाग्यवान म्हणावे, कारण काही तासांतच पाणी त्याला उचलण्यास येते. पण ऐन उधाणात वर चढलेल्या जहाजाला बहुधा पुढील उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, थांबावे लागते. तोवर त्यावरील माल व तेल उतरवून ते हलके करतात, भोवतालची वाळू उपसतात आणि लाटांनी ते आणखी वर ढकलले जाऊ नये म्हणून खोल पाण्यात नांगर टाकून दोर ताणून ठेवतात.

११ जून २०११ रोजी 'विज्डम' नावाचे जहाज मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येऊन रुतले. ते मोडण्यासाठी गुजरातेतील अलंगकडे ओढून नेले जात असता वाटेत दोर तुटला होता. पावसाळी समुद्र खवळलेला. तरीही जुलैच्या आरंभी उधाणाचे पाणी साधून ते खोल समुद्रात ओढून नेण्यात आले.

गोव्यातील 'रिव्हर प्रिन्सेस'चे दैव इतके चांगले नव्हते. जून २००० मध्ये हे प्रचंड जहाज वादळात कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतले. दिवस जात राहिले, वाळू भोवती साचली, आतही शिरली. वाळूने भरलेले जहाज कोणत्या भरतीने उचलावे? पुढे ते काढण्याचे प्रयत्न फसले. दहा वर्षांहून अधिक काळ ते तेथेच गंजत पडले आणि अखेर तुकडे करूनच हलवावे लागले.

पूर्ण बुडालेल्या जहाजाचे काम याहून नाजूक. पाणबुडे आधी खाली उतरून भगदाडे बुजवतात. नंतर पंपांनी आतील पाणी उपसतात; जसजशी त्या जागी हवा येते, तसतसे जहाज वर येऊ लागते. मात्र घाई चालत नाही. अर्धवट भरलेले ताट उचलताना पाणी एका बाजूस धावते, तसेच जहाजातही होते आणि ते कलंडते. म्हणून एकेक कप्पा ठरलेल्या क्रमाने रिकामा करतात. जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदरात एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन नौदलाच्या 'विंध्यगिरी' युद्धनौकेला आग लागली व ती बुडाली. नौसैनिक बचावले. मार्चमध्ये ती नौका पुन्हा पाण्यावर आली.