औषध कुठलं मारताय?

पेस्ट कंट्रोलवाल्याला आपण फोनवर दोनच प्रश्न विचारतो: वास येईल का, आणि गॅरंटी किती. औषध कुठलं मारणार, हे विचारलं की समोरचा जरा थांबतो. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटसाठी चौकशी करताना एकाने "हर्बल आहे मॅडम, एकदम सेफ" असं सांगून विषय संपवला. परवान्याचं विचारल्यावर व्हॉट्सअॅपवर गुमास्ता लायसन्सचा फोटो पाठवला. गुमास्ता म्हणजे धंदा चालवण्याची नोंद. घरात कीटकनाशक मारण्याचा परवाना वेगळा. तो 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली मिळतो आणि आपल्याकडे तो देतं राज्याचं कृषी खातं. त्यासाठी कृषीची किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची पदवी आणि म्हैसूर, हापूडसारख्या ठिकाणच्या संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. घरी येणारा मुलगा पदवीधर नसतो, पण त्याच्यामागे असा एक जाणकार असावा, ही अपेक्षा.

ज्यांनी परवान्याची प्रत न कुरकुरता पाठवली, त्यांचा मुलगा ठरल्या वेळी आला. आल्याआल्या पंपाला त्याने हातच लावला नाही. टॉर्च काढला, ओट्याखालची ट्रॉली रुळावरून पूर्ण बाहेर घेतली आणि आत डोकं घातलं. "काकू, हे बघा." बिजागरीच्या कोपऱ्यात मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. "ही त्यांची घाण. हे जिथे, तिथे त्यांचा मुक्काम." मग फ्रिजची मागची बाजू, मिक्सरचं बूड, सिंकचा पाइप भिंतीत शिरतो ते भोक. ऊब, ओल आणि अंग घासेल एवढी फट. एक झुरळ निसटून फरशीवर आलं. फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा. "जर्मन. घरातच राहतं, घरातच वाढतं. ते मोठं तांबडं असतं ना, ते गटारातून येतं. त्याला आत जेल लावून उपयोग नाही, चेंबरच बघावा लागतो." या जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी शेपटाशी घेऊन फिरते. एकेका डबीत तीस-चाळीस अंडी. फवाऱ्याने आई मेली तरी डबीतली पिल्लं वाचू शकतात, म्हणून काही आठवड्यांनी दुसरी फेरी.

मग हातमोजे चढवून त्याने जेलची सिरिंज काढली. तांदळाच्या दाण्याएवढे थेंब, बिजागरीत, फटीत, ट्रॉलीच्या रुळामागे. ताटाला किंवा हाताला लागेल अशा जागी एकही नाही. डबे बाहेर काढायला लावले नाहीत. सिरिंजवर इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के लिहिलेलं मी वाचून घेतलं. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, आपल्या फटीत परततं. तिथे त्याची विष्ठा आणि मढं बाकीची खातात आणि विष पुढे सरकतं. म्हणूनच जेल लावल्यावर उत्साहाने हिटचा फवारा मारायचा नाही. फवाऱ्याने झुरळं बिचकून पांगतात आणि जेलकडे फिरकत नाहीत.

बाथरूमच्या जाळीत मात्र त्याने फवारा मारला. तेवढ्यासाठी मास्क घातला, मला बाहेर पाठवलं आणि घरात मांजर किंवा माशांची टाकी आहे का ते विचारलं. या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माशांना प्राणघातक असतात, काही मांजरांनाही. डबा मूळ पॅकिंगचा होता. लेबलवर टोकावर उभ्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग निळा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, चौघांत सौम्य एवढंच. पाण्याच्या जुन्या बाटलीत पांढरं काहीतरी घेऊन येणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवीन.

वासावर आपला फार विश्वास. पूर्वी औषधाचा वास दोन दिवस घरात कोंडला तरच "काम झालं" वाटायचं. तसल्या औषधांतलं एक, डायक्लोरव्हॉस, 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. आता वास नाही म्हणजे धोका नाही, असं उलटं धरून चाललोय. ढेकणांसाठी कुणी धान्यातल्या गोळ्या खोलीत ठेवायचं सुचवलं, तर तिथेच थांबवा. त्या अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या. ओलावा लागला की तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो, त्यावर उतारा नाही, आणि तो फटींतून शेजाऱ्यांकडेही जातो. आपण गावाला गेलो आणि शेजारच्यांचे जीव गेले, अशा बातम्या आल्या आहेत. सर्वसामान्यांनी तो वापरायचाच नाही, असा नियमच आहे.

विषाचा पहिला वाटेकरी मारणाराच. 2017 मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले होते. शहरातला हा मुलगा दिवसभर घरांमागून घरं करतो. काम संपवून मोजे काढून त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच चहाचा कप घेतला. पावतीवर औषधाचं नाव मी लिहायला सांगितलं, तेही त्याने लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती: सिंकखालचा पाइप गळतोय.

"तो आधी दुरुस्त करा काकू. त्यांना पाणी मिळत राहिलं तर माझं जेल किती पुरणार?"

पेस्ट कंट्रोलवाला वेळेवर आला. प्लंबर उद्या येतो म्हणालाय, गेल्या सोमवारपासून.