दार अडतंय, पण नेमकं कुठे?

पावसाळ्यात दार अडायला लागलं की आपण सुतार बोलावतो, तो कडेला रंधा मारतो आणि दार लागायला लागतं. मार्च-एप्रिलमध्ये त्याच दाराला बोटभर फट पडलेली दिसते. रंध्याने काढलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून आधी दुखणं ओळखायचं आणि मगच हत्यार उचलायचं.

लाकूड हवेतला दमटपणा शोषून घेतं आणि रेषांना आडवं फुगतं. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे जुन्या सागवानी दाराची रुंदी पावसात वाढते, उंची वाढत नाही. फ्लॅटमधल्या खोल्यांना बहुतेक फ्लश डोअर असतं. त्यात प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात आणि दार फार फुगत नाही. असं दार अडत असेल तर माझा पहिला संशय बिजागरीवर जातो.

खात्री करणं सोपं आहे. दाराच्या कडेला खडू फासा आणि दार दोन-तीनदा लावा. चौकटीवर खडू वरपासून खालपर्यंत उमटला, तर दार फुगलंय. फक्त कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात उमटला, किंवा त्याच बाजूचा खालचा कोपरा फरशीला घासत असेल, तर दार खाली बसलंय. मग ते अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचला आणि वरच्या बिजागरीकडे पाहा. पत्रा चौकटीपासून हलताना दिसला की दुखणं सापडलं: स्क्रूची भोकं सैल झाली आहेत. दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं, म्हणून सहसा तीच आधी सुटते.

नुसते स्क्रू पिळून उपयोग नाही, ते जागेवरच फिरत राहतात. दाराखाली पाचर ठोकून वजन त्यावर घ्या आणि वरच्या बिजागरीचे चौकटीतले स्क्रू काढा. सागाच्या बारीक काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात घट्ट ठोका. आगपेटीच्या काड्याही चालतात, पण त्या मऊ असतात. रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग पटाशीने सपाट करा, बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. आधीचे दीड इंची असतील तर आता दोन इंची घ्या. बरीच दारं एवढ्याने सुधारतात, रंध्याची गरजच पडत नाही.

दार खरंच फुगलं असेल तर कडेला मेणबत्ती घासून पावसाळा काढा. तासायचंच असेल तर हवा कोरडी झाल्यावर, अगदी थोडं. फ्लश डोअरच्या कडेला लाकडाची पट्टी असते. ती तासून संपली की आतला गाभा उघडा पडतो आणि पाणी सरळ आत शिरतं.

बाथरूमच्या दाराची गोष्ट वेगळी. ते खालून सडतं, कारण खालच्या कडेला बहुधा रंगच लागलेला नसतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या दाराच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. ते आत रुतलं तर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून फक्त कुजका भाग झाकला जाईल, कुजणं थांबणार नाही. तिथे पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं दार घ्यावं. चौकटीचे पायही तपासा. तेच कुजले असतील तर नुसतं दार बदलण्यात अर्थ नाही. म्हणूनच हल्ली बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट बसवतात.

नवं दार घेताना जुन्या दाराचं माप देऊ नका, ते कधीतरी तासलेलं असतं. चौकटीच्या खाचेत वर, मध्ये आणि खाली रुंदी मोजा, दोन्ही बाजूंनी उंची मोजा आणि प्रत्येकातलं सगळ्यात कमी माप धरा. त्यातून दोन्ही बाजूंना आणि वर तीन-तीन मिलिमीटर फट सोडा, खाली थोडी जास्त. ओळंबा लावून चौकट सरळ आहे ना तेही बघा; तिरक्या चौकटीत नवं दारसुद्धा आपोआप उघडतं किंवा मिटतं. खोलीच्या दाराला तीस किंवा पस्तीस मिलिमीटर जाडी आणि चार इंची तीन बिजागऱ्या असाव्यात.

दार कापून मापात आलं की टांगण्यापूर्वी आडवं ठेवा आणि वरच्या-खालच्या कडांना प्रायमर व रंगाचे दोन हात द्या. बिजागरीच्या खाचा आणि कुलपासाठी पाडलेलं भोकही रंगवून घ्या. टांगल्यावर खालच्या कडेपर्यंत ब्रश पोचत नाही आणि त्यासाठी दार उतरवायला कोणीच तयार होत नाही.