पिशवी, बाटली आणि कुकरची मूठ

दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली या दोन्हींना आपण सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांची जातकुळी वेगळी आहे. दोन्ही बहुवारिकेच, म्हणजे लहान रेणू (एकवारिके) शेकडो-हजारोंच्या संख्येने जोडून झालेल्या लांब साखळ्या. फरक आहे तो जोडणीच्या पद्धतीत.

पिशवीचे पॉलिथिन इथिलीन वायूपासून बनते. इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. जणू दोन मित्रांनी एकमेकांचे दोन्ही हात धरले आहेत. एखाद्या मुक्त मूलकाने धक्का दिला की एक पकड सुटते, मोकळा झालेला हात शेजारच्या रेणूला धरतो, तो पुढच्याला. बाहेर काहीच टाकले जात नाही. हे समावेशन बहुवारिकीकरण. यात एक साखळी क्षणार्धात पूर्ण होते, तेव्हा आजूबाजूचे कितीतरी रेणू सुटेच असतात.

हा शोध अपघातानेच लागला. १९३३ साली इंग्लंडमध्ये आय.सी.आय. कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे प्रचंड दाबाखाली इथिलीनची बेंझाल्डिहाइडशी अभिक्रिया घडवू पाहत होते. हवे ते मिळाले नाहीच. भांड्यात पांढरा, मेणासारखा पदार्थ उरला. प्रयोग पुन्हा नीट साधायला १९३५ साल उजाडले. भांड्यात शिरलेल्या किंचित ऑक्सिजनने साखळी सुरू करून दिली होती, हे नंतर उलगडले. अशा दाबाखाली साखळीला फांद्या फुटतात, त्या दाटीने रचल्या जात नाहीत, म्हणून पिशवी मऊ. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरक वापरून कमी दाबात सरळ साखळ्या बनवल्या. त्यातून कडक डबे आणि कॅन आले. बडोद्याजवळचा इंडियन पेट्रोकेमिकल्सचा कारखाना (कंपनीची स्थापना १९६९, रिलायन्समध्ये विलीन २००७) आपल्या पालकांना ठाऊक असेलच. त्याचा मोठा व्यवहार याच जातीच्या बहुवारिकांचा.

पाण्याच्या बाटलीचे, म्हणजे पेटचे, तंत्र निराळे. त्यात टेरेप्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल असे दोन प्रकारचे रेणू असतात. दोघांचेही हात भरलेले! हातात हात द्यायचा तर काहीतरी खाली ठेवावे लागते. येथे ते म्हणजे पाणी: दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हे संघनन बहुवारिकीकरण. कॅरोदर्स यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत बनवलेले नायलॉनही याच पद्धतीचे.

यात आधी जोड्या, मग चौकडी, अशी हळूहळू वाढ होते. परीक्षेत ९५ टक्के मिळाले तर घरी पेढे येतात. येथे ९५ टक्के हात जुळले तरी साखळी सरासरी २० रेणूंचीच होते आणि माल ठिसूळ निघतो. ९९ टक्क्यांना १०० रेणू. म्हणून कारखान्यात शेवटचा टक्का मिळवण्यासाठी तयार झालेले पाणी सतत काढून टाकावे लागते.

कुकरची काळी मूठ तिसऱ्याच तऱ्हेची. बेकलंड यांचे बेकेलाइट (१९०७) संघननानेच बनते, पण त्यात साखळ्या आडव्या बंधांनी जाळ्यासारख्या विणल्या जातात. ते तापवले तर वितळत नाही, करपते.

आता पालकांसाठी थोडेसे. पेटच्या जोडणीत पाणी बाहेर पडले होते, म्हणून पाणी किंवा ग्लायकॉल वापरून ती साखळी उसवता येते आणि मूळ एकवारिके परत मिळवता येतात. पॉलिथिनमध्ये कार्बन-कार्बन बंध आहेत. ते असे सहज उसवत नाहीत, फार तर वितळवून नवी वस्तू करता येते. पेटमध्ये थोडे पीव्हीसी मिसळले तरी पुनर्वापराचा माल बिघडतो. पीव्हीसी जाळले तर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. त्यामुळे अंगणात कचरा पेटवण्याची सवय आजच सोडावी. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असेल तर ते पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी. भंगारवाल्याला देण्यापूर्वी हे आकडे पाहून वेगळे करणे मुलांना सहज जमेल.