वारुळावरील अळंबीच्या दोन जाती

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे, दुसऱ्या तीरावर अष्टमी आणि भोवताली वनाच्छादित डोंगर. या मुलखात, तसेच उत्तरेस पेणच्या बाजूस, पावसाळ्यात रानातल्या अळंबीस मागणी असते. वारुळाजवळ उगवणारी अळंबी विशेष रुचकर मानली जाते; खाणारास ती सारी एकच वाटते. वस्तुतः कोकणपट्टीत तिच्या अनेक जाती असून त्यांपैकी दोहोंची तुलना बोधप्रद आहे.

या जाती टर्मिटोमायसीस प्रजातीत मोडतात. रॉजे हाइम यांनी ती १९४२ मध्ये स्थापिली. वाळवी चर्वित वनस्पतिद्रव्याचे पोळे रचते. कवक त्यावर वाढून ते द्रव्य वाळवीस पचनयोग्य करते.

नटराजन यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या टर्मिटोमायसीस हायमीचे छत्र मोठे व मध्यभागी टोकदार असते. दंडावर वलय असते. दंड जमिनीत मुळासारखा लांबवर उतरून थेट पोळ्यास जोडलेला असतो. बर्कली व ब्रूम यांनी १८७१ मध्ये सिंहलद्वीपातून नोंदविलेल्या टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पसचे छत्र जेमतेम एक-दोन सेंटिमीटरांचे. तिचा दंड पोळ्यापर्यंत जात नाही. वाळवीच पोळ्याचे तुकडे बाहेर आणून पसरते व त्यांवर शेकडो भूछत्रे एकदम उगवतात.

हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. हायमी खणून काढणाऱ्याची पहार वसाहतीपर्यंत पोहोचू शकते. मायक्रोकार्पस वेचणाऱ्याचा हात वारुळास लागतही नाही. यावरून दुसरी जाती निर्धोक समजणे मात्र घाईचे ठरेल. ओडोंटोटर्मीससारख्या बहुतेक कवकपालक वाळवींची पंखधारी जोडपी नव्या वसाहतीत कवक बरोबर नेत नाहीत. पहिल्या कामकरी वाळव्या बाहेरून बीजाणू आणतात, तेव्हाच नवे पोळे सजीव होते. बीजाणू पडतात ते उमललेल्या छत्रातून, आणि खाणारास हवी असते कळी! मायक्रोकार्पसच्या शेकड्यांतील काही छत्रे सहज सुटतात; हायमीची मोजकी छत्रे सुटणे कठीण. वारूळच सपाट केल्यास दोहोंचाही आधार जातो, आणि व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही.

नमुने गोळा करणारा अभ्यासकही या दोषातून मुक्त नाही. हायमीच्या निश्चितीसाठी दंडाचा भूमिगत भाग पाहावा लागतो. त्यासाठी एका वारुळावरील एकच उमललेले छत्र खणावे, बाकीची जागीच मोजावीत.